फोन गुंठ्यापर्यंत नेतो, पुढे डोळे: हिप्परगा तलावाकाठचा डबा कसा शोधावा

मोजणी खात्यातून निवृत्त झालो त्याला सहा वर्षं झाली. नोकरीभर लोकांच्या शेतांच्या हद्दी शोधून दिल्या. आता मी डबे लपवतो आणि शोधतो. गेल्या तीन हिवाळ्यांत सोलापुरातल्या बऱ्याच जणांना हिप्परगा तलावाच्या बाजूला आमचा डबा शोधायला घेऊन गेलो. दर वेळी तेच प्रश्न येतात, त्याच चुका होतात, म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय.

खेळाचं नाव जिओकॅशिंग. कुणीतरी एक डबा लपवतं आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. दुसरे लोक ते आकडे घेऊन जातात, डबा हुडकतात, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितात आणि डबा जसा होता तसा ठेवून येतात. खेळ एवढाच आहे. २ मे २००० रोजी अमेरिकन सरकारने जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने पहिली बादली लपवून तिचे आकडे जाहीर केले. त्याआधी साध्या माणसाच्या हातातलं यंत्र १०० मीटरपर्यंत चुकायचं. मोजणीच्या हिशेबात सांगायचं तर तेव्हा पावणेआठ एकर धुंडाळावं लागलं असतं. आता उघड्या माळावर चांगला फोन पाच मीटरच्या आत आणून सोडतो.

पाच मीटर इकडे, पाच मीटर तिकडे, म्हणजे दहा मीटर. आमची मोजणीची साखळी ३३ फुटांची, म्हणजे तीही दहा मीटर. साखळीच्या लांबी-रुंदीचा चौकोन म्हणजे एक गुंठा. मी सगळ्यांना हेच सांगतो की फोन तुम्हाला गुंठ्यापर्यंत नेतो, त्याच्या पुढे नेत नाही. त्या गुंठ्यात डबा कुठे आहे हे तुमच्या डोळ्यांनी ठरवायचं. ज्यांना हे पटत नाही ते फोनकडे बघत गोल गोल फिरतात आणि दमून परत येतात.

मला याची ओळख लेकीमुळे झाली. ती अमेरिकेत, मेरीलँडमध्ये असते. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा एका रविवारी जावई मला गनपावडर फॉल्सच्या काठाने घेऊन गेले. नाव फॉल्स असलं तरी ती नदी आहे. तिच्यावर प्रिटीबॉय नावाचं धरण आहे, बाल्टिमोरच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेलं. धरणाच्या खोल थरातलं गार पाणी खाली नदीत सोडतात, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही नदी थंड राहते आणि त्या पाण्यात ट्राउट जगतो. हा मासा फार नाजूक. पाणी गार हवं, त्यात हवा भरपूर मिसळलेली हवी. पाणी वीस अंशांच्या वर चढत गेलं की तो कासावीस होतो. मी पाण्यात हात घातला तर बोटं बधिर झाली. डबा काठावरच्या एका पडलेल्या झाडाच्या पोकळ बुंध्यात होता. फोन थांबला त्यापुढे वीस मिनिटं मी पालापाचोळ्यात वाकून बघत होतो आणि मला सारखी आठवण येत होती ती अक्कलकोट तालुक्यात पावसाळ्यानंतर बांधात गाडलेला हद्दीचा दगड शोधायच्या दिवसांची. काम तेच होतं. परत आल्यावर पहिल्यांदा डोळ्यासमोर आला तो आपला हिप्परगा.

आपल्याकडे ट्राउट नाही, असणंही शक्य नाही. मार्चपासून हिप्परग्याचं पाणी तापायला लागतं. त्यात कटला, रोहू, मरळ, चिलापी. पण धरणाखालचा ओढा, भरावावरून दिसणारं पाणी, कडेची झाडी, खडकाळ माळ, हे सगळं डबा लपवायला तिकडच्याइतकंच चांगलं आहे. कागदोपत्री याचं नाव एकरूख तलाव. आदिला नदीवर मातीचा भराव घालून १८७१ साली पुरा झालेला. भराव दोन किलोमीटरहून लांब आणि एकवीस मीटरच्या वर उंच. तो उभा करताना यंत्रं कसली असणार, माणसं आणि जनावरं. अजूनही शहराच्या पिण्याच्या पाण्यातला काही वाटा इथून येतो. सोलापूरकर तुळजापूरला जाताना त्याच्याकडे बसच्या खिडकीतून बघतात आणि पुढे जातात. उतरून चालत जाणारे थोडेच.

आकडे वाचायला शिका

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या खेळात आकडे अंश आणि दशांश मिनिटांत देतात. समजा आकडे असे आहेत: उत्तर १७ अंश ४३.५३६ मिनिटं, पूर्व ७५ अंश ५५.८७२ मिनिटं. तुमच्या फोनमधला नेहमीचा नकाशा मात्र सगळं अंशातच दाखवतो. तिथे हीच जागा १७.७२५६ आणि ७५.९३१२ अशी दिसते. हिशेब सोपा आहे. मिनिटांना ६० ने भागा आणि अंशात मिळवा. ४३.५३६ भागिले ६० म्हणजे ०.७२५६. उलट जायचं असेल तर दशांशाला ६० ने गुणा.

माझ्या पुतण्याने पहिल्या वेळी मिनिटांचे आकडे तसेच्या तसे अंशांच्या पुढे टाकले, १७.४३५३६ आणि ७५.५५८७२. नकाशाने त्याला पन्नास किलोमीटर नैर्ऋत्येला, पार मंगळवेढ्याच्या बाजूला नेऊन ठेवलं. बरं झालं, घरातून निघायच्या आधी मी बघितलं. निघण्याआधी खूण नकाशावर तलावाजवळ पडते का एवढं बघायची सवय लावून घ्या.

शेवटच्या आकड्याचं वजनही लक्षात ठेवा. अक्षांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे १.८५ मीटर, साधारण सहा फूट. ५३६ च्या जागी ५६३ लिहिलंत तर पन्नास मीटरचा फरक पडतो. म्हणून आकडे फोनमध्ये आहेत तरी मी कागदावरही लिहून घेतो आणि दुसऱ्याला मोठ्याने वाचायला लावतो. मोजणीत आम्ही साखळीचे आकडे असेच पुकारायचो आणि लिहिणारा ते परत म्हणायचा.

डब्यांना दोन दर्जे असतात, शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड, प्रत्येकी १ ते ५. आमच्या डब्याला मी शोधायला अडीच आणि पोचायला दोन देतो. म्हणजे शाळेतली मुलं येऊ शकतात, पण घरच्या चपला चालणार नाहीत. डब्याचे खरे आकडे मी समोर भेटल्यावरच देतो. ज्यांच्या बांधाला तो आहे त्या शेतमालकांची तशी अट आहे आणि ती मला रास्त वाटते.

कधी जायचं, काय न्यायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी चिकटते की दहा पावलांवर पाय उचलवत नाही, आणि गवत वाढल्यामुळे पाय कशावर पडतोय ते दिसत नाही. एप्रिल-मे मध्ये तर नकोच. सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. सकाळी सातला गावातून चालायला लागा म्हणजे अकराच्या आत परत फिरता येतं. कोजागरीच्या दिवसांत तुळजापूरचा रस्ता पायी जाणाऱ्या भक्तांनी भरलेला असतो, तेव्हाही जाऊ नका. त्या दिवसांत तो रस्ता त्यांचा असतो.

माणशी दोन लिटर पाणी, टोपी, घोट्याच्या वर येणारे बूट, जाड कापडाची पूर्ण पँट. वेडी बाभूळ आणि चिल्लारीचे काटे पातळ कापड फाडतात. एक काठी हवीच, पाच फुटांची, टोकाला थोडी वाकडी असेल तर उत्तम. ती कशाला ते पुढे सांगतो. फोन पूर्ण चार्ज केलेला, नकाशा आधीच उतरवून ठेवलेला, कारण खोलगट जागेत रेंज जाते. पेन्सिल. एक रिकामी सिमेंटची गोणी कचरा आणायला. खायला मी दोन कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी आणि कांदा नेतो. कडक भाकरी या कामाला फार चांगली, पिशवीत दबून लगदा होत नाही आणि चटणीला कालवण लागत नाही.

चालणं

तुळजापूर रस्त्याने निघा, गाडी गावात माणसांच्या नजरेसमोर लावा आणि विचारून लावा. तिथून येऊन-जाऊन साधारण चार किलोमीटर चालणं आहे. सरळ रेषेत जायचा मोह होतो, कारण फोन बाण दाखवतो. बाण बघून चालू नका. बाणाला ज्वारी दिसत नाही, विहीर दिसत नाही, ओढ्याची दरड दिसत नाही. गाडीवाट धरा, मग बांधाने चला, आणि बांधानेच चला. पाणी ओसरलं की तलावाच्या उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर करतात. लांबून ती रिकामी ओली जमीन वाटते, जवळ गेलं की हरभऱ्याचे कोंब दिसतात. तिच्यावर पाय देऊ नका. शिवाय तो गाळ वरून वाळलेला आणि खाली मऊ असतो. एका मुलाचा पाय गुडघ्यापर्यंत गेला होता. बूट काढायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली.

धरणाच्या भरावाबद्दल अगदी स्पष्ट सांगतो. पाण्याच्या बाजूला जो दगडांचा थर लावलेला असतो त्याला पिचिंग म्हणतात. लाटांनी माती धुपू नये म्हणून तो असतो. त्यातला एक दगड हलला की लाट तिथे माती खायला सुरुवात करते. म्हणून पिचिंगमध्ये, सांडव्यात, मोरीजवळ डबा लपवायचा नाही आणि तिथे शोधायचाही नाही. आकडे तुम्हाला भरावावर नेत असतील तर आकडे चुकलेत असं समजा आणि मागे फिरा. दीडशे वर्षं त्या भरावाने पाणी धरून ठेवलंय. आपल्या खेळासाठी त्याचा एक दगडही हलता कामा नये.

हिवाळ्यात पाण्यावर पाहुणे पक्षी असतात. चक्रवाक लांबूनही ओळखता येतो, विटकरी अंगाचा, जोडीने हिंडणारा. नशीब असेल तर पट्टकदंबांचा थवा दिसतो, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस, हिमालय ओलांडून आलेले. थवा काठावर बसलेला असेल तर वळसा घालून जा. वीस मिनिटं जास्त लागतील, लागू द्या.

माणसं भेटली तर

परदेशात या खेळाचा एक संकेत आहे की खेळाबाहेरच्या माणसाला कळू न देता शोधायचं. आपल्याकडे हा संकेत पाळू नका. मी हे ठामपणे सांगतो. आपल्या भागात चार अनोळखी माणसं बांधावर वाकून दगड उचलताना दिसली की बघणाऱ्याच्या मनात दोनच गोष्टी येतात. एक, कुणीतरी जमीन मोजतंय. दोन, गुप्तधन. पहिल्याने पोटात गोळा येतो आणि दुसऱ्याने गाव गोळा होतं.

पहिल्याच हिवाळ्यात शेरडं राखणारे एक आजोबा लांबून आमच्याकडे बघत होते. मी फोन हातात धरून पावलं मोजत होतो. ते जवळ आले आणि म्हणाले, "मोजणी हाय का सायेब? नोटीस तर न्हाय आली आमाला." त्यांच्या आवाजातली धाकधूक मी नोकरीभर ऐकलेली आहे. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, डबा उघडून दाखवला, वही दाखवली. त्यांनी डब्यातला प्लास्टिकचा बैल उचलून बघितला आणि विचारलं, "मंजी हुडकायचं, आन् परत तितंच ठिवायचं?" मी हो म्हणालो. त्यांनी बैल परत डब्यात ठेवला. तेव्हापासून ते त्या डब्यावर लक्ष ठेवतात. कुत्र्यांनी एकदा झाकण ओढून काढलं होतं, ते त्यांनीच बसवून वर दगड ठेवला.

म्हणून रामराम घाला, कोण आहोत, कुठून आलो, काय करतोय ते सांगा. खणायची अवजारं बरोबर नकोतच. हा खेळ जमिनीवर आहे, जमिनीत नाही. डबा पुरायचा नाही हा खेळाचाही नियम आहे.

शेवटचा गुंठा

खरं काम इथून पुढे. फोनवर वीस मीटर दिसायला लागले की थांबा. दोन मिनिटं उभे राहा. फोनला आकाशातल्या उपग्रहांशी नीट जुळायला तेवढा वेळ लागतो. होकायंत्र भरकटलेलं वाटलं तर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा दोन-चार वेळा फिरवा.

आता आमची जुनी पद्धत वापरा. फोन जिथे शून्याजवळ जातो तिथे एक खडा ठेवा. मग तिथून तीस पावलं लांब जा, दुसऱ्या दिशेने परत या, पुन्हा शून्य येईल तिथे दुसरा खडा. तिसऱ्या दिशेने तिसरा. तीन खडे एका जागी पडणार नाहीत, त्रिकोण होईल. त्या त्रिकोणाच्या मधोमध उभं राहून चारी बाजूंना पाच-पाच मीटर धरा. हा तुमचा गुंठा. स्वतःची पावलं मोजून ठेवलेली असली की सोपं जातं. माझी तेरा पावलं म्हणजे एक साखळी. घराच्या अंगणात टेप टाकून तुमची किती होतात ते आधी बघा. आता फोन खिशात ठेवा. तो परत काढायचा मोह झाला तरी काढू नका.

आता लगेच वाकायचं नाही. उभं राहून विचार करा की मी लपवणारा असतो तर कुठे ठेवला असता. डबा पावसात वाहून जाणार नाही अशा जागी असणार. नांगराच्या वाटेत नसणार. जाणाऱ्या-येणाऱ्याला सहज दिसेल असा नसणार, पण हात पोचेल असा असणार. गुंठ्यातल्या नव्वद टक्के जागा इतक्यातच बाद होतात. उरतात एखादं झुडूप, दगडांची रास, बांधाची कपार, जुन्या झाडाचं बुड.

मग दगड वाचा. माळावर वर्षानुवर्षं पडलेल्या दगडाची वरची बाजू उन्हाने करडी झालेली असते, तिच्यावर दगडफुलाचे फिकट ठिपके असतात. खालची बाजू मातकट, तांबूस किंवा काळपट, कधी कधी बारीक मुळांच्या रेघा उमटलेली. दगड स्वतःहून पालथा होत नाही. मातकट बाजू वर दिसली की तिथे हात लागलाय. मागच्या डिसेंबरात एका सातवीतल्या मुलीने असाच डबा शोधला. बाकीची मुलं झुडपात काठ्या घालत होती आणि ही एका राशीसमोर नुसती उभी होती. मी विचारलं, "काय बघतेस?" तर म्हणाली, "काका, या सगळ्या दगडांवर पांढरे डाग आहेत, ह्या एकावर नाहीत." जवळ जाऊन बघितलं तर त्या दगडावर मुंगीचं सुटं वारूळ वाळून चिकटलेलं होतं, म्हणजे ती बाजू काही दिवसांपूर्वीपर्यंत जमिनीकडे होती. दगडाच्या मागे, बांधाच्या कपारीत, हिरवट रंगाचं झाकण. तिने लगेच हात घातला नाही, आधी माझ्याकडे वळून बघितलं. हे मी शिकवलेलं होतं आणि तिने ते लक्षात ठेवलं याचा मला फार आनंद झाला.

शिकवलेलं असं की हात आधी नाही, काठी आधी. हा घोणस आणि फुरशांचा मुलूख आहे, आणि विंचवाला दगडाखालची सावली आवडते. काठीने आधी राशीवर ठोका, थोडं थांबा. दगड उलटायचा असेल तर त्याची पलीकडची कड काठीच्या वाकड्या टोकाने ओढून दगड आपल्याकडे कलवा. म्हणजे खालचं जे काही आहे ते पलीकडे मोकळं होतं आणि दगड तुमच्या पायांच्या आणि त्याच्या मध्ये राहतो. जवळची कड उचललीत तर तोंड तुमच्याकडे उघडतं. कपारीत न बघता बोटं घालायची नाहीत. काही चावलंच तर बांधाबांध, कापाकापी, चोखणं काही करू नका. माणसाला बसवा, चावलेला भाग हलू देऊ नका, १०८ ला फोन करा आणि थेट सिव्हिलला न्या.

आणखी एक. घडीव, उभा रोवलेला किंवा चुना-सिमेंट लावलेला दगड दिसला तर त्याला हात लावायचा नाही. तो हद्दीचा दगड असतो. अशा खुणेचं नुकसान करणाऱ्याला १९६६ च्या जमीन महसूल संहितेत दंड आहे. पण दंडाचं सोडा, एका हललेल्या दगडापायी दोन सख्ख्या भावांचं बोलणं वीस वर्षं बंद झालेलं मी बघितलंय.

अर्ध्या-पाऊण तासात सापडला नाही तर थांबा. सगळे दगड उलटेपालटे करत सुटू नका. "सापडला नाही" असं तारखेसह कळवा. लोकांना हे कळवायला लाज वाटते, पण लपवणाऱ्याला याचाच सर्वात जास्त उपयोग होतो. ओळीने तिघांना सापडला नाही म्हणजे डबा गेला, जाऊन बघितलं पाहिजे.

स्वतःचा डबा लपवायचा असेल तर

दोन-चार डबे शोधून झाल्याशिवाय लपवू नका. आधी जमीनमालकाला विचारा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात, वनखात्याच्या जागेत, रेल्वेरुळाजवळ, देवळाच्या आवारात नको. खेळाच्या जगभरच्या यादीत डबा घालायचा असेल तर दुसऱ्या डब्यापासून १६१ मीटरचं अंतर लागतं आणि तुम्ही तो वेळोवेळी जाऊन तपासणार हे कबूल करावं लागतं. चार दिवसांच्या सहलीला आलेल्या पाहुण्याने डबा लपवून निघून जाणं मला अजिबात पसंत नाही. तो डबा नाही, कचरा होतो.

माझ्या पहिल्या डब्याची जागा चुकली. तलाव अर्धा रिकामा असताना मी काठापासून चांगला लांब, एका बाभळीच्या बुडाशी ठेवला होता. त्या वर्षी पाऊस चांगला झाला, पाणी चढलं आणि डबा गेला. मी तीस वर्षं जमीन वाचत आलो होतो, तरी पाण्याची रेघ बघितली नाही. ती रेघ दिसते. झाडांच्या बुंध्यांवर एका ठरावीक उंचीपर्यंत गाळाचा फिकट पट्टा असतो, काट्यांत वाळकं शेवाळ आणि प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या असतात. बेशरमीची झुडपं जिथपर्यंत दाट आहेत तिथपर्यंत पाणी येतं असं धरा. डबा त्या रेघेच्या निदान माणूसभर वर ठेवा.

दुसरी चूक डब्यात खाऊ ठेवण्याची. मुलांसाठी शेंगदाण्याची चिक्की ठेवली होती. आठ दिवसांत मुंग्या, आणि मग घुशीने झाकणाची कड कुरतडली. खायचं, वासाचं, उदबत्ती, साबण, काही नको. आता मी चारी बाजूंनी कड्या लागणारा जाड प्लास्टिकचा डबा वापरतो, रबर असलेला. पारदर्शकच घेतो आणि फक्त झाकणाला मातकट हिरवा रंग देतो, म्हणजे कुणाला चुकून सापडला तर आत काय आहे ते दिसतं आणि घबराट होत नाही. वर मराठीत लिहिलंय: "हा खेळातला डबा आहे. धोका नाही. उघडून बघा, नाव लिहा, परत ठेवा." आत वही, तीही कडी लागणाऱ्या पिशवीत, आणि ओल शोषणारी एक पुडी. बदलाबदलीच्या वस्तू छोट्याच. एक घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. आमच्या डब्यात आत्ता तो प्लास्टिकचा बैल आहे, यंत्रमागाची एक लाल सूत गुंडाळलेली कांडी आहे, कुणीतरी चादरीची दशी विणून केलेलं कडं ठेवलंय आणि गड्ड्याच्या जत्रेतली एक शिट्टी आहे. ती कांडी ठेवणाऱ्या बाईंनी वहीत लिहिलंय की त्यांचा कारखाना बंद झाला तेव्हा घरी आणलेल्या कांड्यांतली ही शेवटची. ती मी कुणाला घेऊ देत नाही. हा नियम खेळाचा नाही, माझा आहे.

लपवलेल्या जागेचे आकडे एकदा घेऊन भागत नाही. फोन डब्यावर ठेवून दहा मिनिटं थांबा आणि आकडे लिहा. दुसऱ्या दिवशी वेगळ्या वेळी जाऊन परत घ्या, तिसऱ्यांदाही घ्या, आणि सरासरी काढा. एखादा आकडा बाकीच्यांपासून फार लांब असेल तर तो सोडून द्या.

सापडल्यावर

डबा उचलण्याआधी तो कसा ठेवलाय त्याचा एक फोटो काढा. कोणता दगड वर होता, कोणती बाजू बाहेर होती, हे पाच मिनिटांत विसरायला होतं. वहीत नुसतं नाव लिहून थांबू नका, दोन ओळी लिहा. काय दिसलं, पाणी किती होतं, कोण भेटलं. तीन वर्षांच्या त्या वहीत आता तलावाच्या पाण्याची नोंदच तयार झालीय; कुणी लिहितं पाणी बाभळीला टेकलंय, कुणी लिहितं मधला खडक उघडा पडलाय. झाकणाच्या चारी कड्या लागल्याचा आवाज ऐका. दगड ठेवताना करडी बाजू वर, मातकट बाजू खाली. परतताना गोणी भरून कचरा आणा, आणि हात धुतल्याशिवाय भाकरी सोडू नका.

वहीत पेननेच लिहायचं असा कुणाचा हट्ट असतो. पेनची शाई उन्हाळ्यात वाळते, ओल लागली की पसरते. पेन्सिलीचं अक्षर राहतं. डब्यात एक पेन्सिल आहेच, पण शार्पनर ठेवला तर गंजतो. तेव्हा तुमचं लिहून झालं की तिचं टोक बघा, बोथट झालं असेल तर खिशातल्या चाकूने काढा, आणि टोक वहीच्या पानांकडे येणार नाही असं ठेवून झाकण लावा.